बीज, क्षेत्र आणि कर्म

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी निरूपिलेल्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न, अनादी व नित्य मानिले आहेत. देह हा यांपैकी प्रपंचाचा, आणि तोही कार्यरूप प्रपंचाचा अंश होय. तो उपजतो, वाढतो, झिजतो आणि नाश पावतो; जीव मात्र त्याहून निराळाच राहतो. हा भेद प्रत्येक उपदेशी प्रारंभीच शिकतो. तथापि ज्या मनुष्यदेहात राहून जीवाला ज्ञान, भक्ती व वैराग्य यांचा अभ्यास करावयाचा, तो देह कसा घडतो याविषयी बेफिकीर राहणे म्हणजेच वैराग्य, असा एक समज त्याबरोबर नकळत रुजतो. मूल अशक्त जन्मले, मंदबुद्धी निघाले अथवा ऐन तारुण्यात मधुमेहाने ग्रासले, की ‘ज्याचे त्याचे कर्म’ एवढे बोलून विषय मिटविण्यात येतो.

हे वाक्य सिद्धांत म्हणून असत्य नव्हे. जीवाने केलेल्या कर्माचे फळ देवतांच्या द्वारा त्यास प्राप्त होते, ही पंथाची मांडणीच आहे. परंतु सिद्धांत सत्य असला तरी त्याचा विनियोग चुकू शकतो. हे वाक्य कोणी, कोणाविषयी आणि कोणत्या प्रसंगी उच्चारावे, याचा निर्णय करणे अगत्याचे आहे. मानवी देहाच्या जडणघडणीविषयी गेल्या शतकात जे ज्ञान हाती आले आहे, त्याने हा निर्णय अधिक निकडीचा केला आहे.

पूर्वपक्ष

देह कशाने घडतो, या प्रश्नाला दोन एकांगी उत्तरे दिली गेली. पहिला पक्ष बीजवाद्यांचा. आईबापांकडून आलेल्या बीजातच सर्व काही ठरलेले असते, असे हा पक्ष म्हणतो. १८६६ साली मेंडेल या ख्रिस्ती मठवासी संशोधकाने वाटाण्याच्या रोपांवरील प्रयोगांतून आनुवंशिकतेचे नियम प्रसिद्ध केले. १९०९ साली योहानसेन याने ‘जीन’ हा शब्द योजिला, त्यालाच मराठीत जनुक म्हणतात. १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी जनुकद्रव्याची दुहेरी मळसूत्री रचना उलगडली. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, आणि प्रथिने घडविणारी जनुके सुमारे २० हजार आहेत, हे आता ठाऊक झाले आहे. हे ज्ञान यथार्थ आहे. परंतु त्याचा आधार घेऊन काहींनी माणसांची प्रतवारी आरंभिली. अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ साली ‘हीन बीजा’च्या मानलेल्या व्यक्तींना सक्तीने वंध्य करण्याचा कायदा केला. जर्मनीत १९३३ साली तसाच कायदा होऊन लक्षावधी लोक त्याला बळी पडले.

दुसरा पक्ष परिस्थितीवाद्यांचा. बीज गौण असून परिस्थिती पालटली की सर्व पालटते, असे त्यांचे म्हणणे. सोव्हिएट रशियात लिसेंको याने हे मत पिकांच्या बाबतीत राजसत्तेच्या बळावर प्रस्थापित केले, आणि १९४८ साली आनुवंशिकीच्या शास्त्रीय अभ्यासावर तेथे बंदीच आली. जगभरची बियाणी गोळा करणारा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह याला त्यापूर्वीच १९४० साली अटक झाली होती. १९४३ साली तो तुरुंगात उपासमारीने मरण पावला. म्हणजे दोन्ही पक्षांत सत्याचा एकेक अंश होता, आणि दोन्ही पक्षांनी तो अंश पूर्ण मानून माणसांवर अन्याय केला.

भारतीय वैद्यकाने हा एकांगीपणा पूर्वीच टाळला होता. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाची उत्पत्ती मातृज, पितृज, आत्मज, सात्म्यज, रसज आणि सत्त्वज अशा सहा भावांच्या समुदायातून सांगितली आहे. माता व पिता यांचे बीज, गर्भात प्रवेश करणारा आत्मा, सवयीने मानवलेला आहारविहार, मातेच्या आहारातून मिळणारा रस आणि मन, यांपैकी एकटा कोणताही भाव गर्भ घडवू शकत नाही. नाना द्रव्यांनी घर उभे राहते किंवा नाना अवयवांनी रथ सिद्ध होतो, तद्वत हे आहे. चरकाची परिभाषा आणि आधुनिक शास्त्राची परिभाषा एक नव्हे, आणि त्या ओढून ताणून एक करण्याचे कारणही नाही. परंतु बीजाबरोबर रसालाही स्वतंत्र स्थान आहे, ही दृष्टी दोहोंत समान आहे.

दृष्टांत

केसोबासांनी सिद्ध केलेल्या दृष्टांतपाठात सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक असा क्रम आहे. त्याच क्रमाने येथे तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण बीजातील दोषाचे. १९३४ साली नॉर्वेतील फॉलिंग या वैद्याने दोन मतिमंद भावंडांच्या लघवीची परीक्षा करून एका आनुवंशिक विकाराचा शोध लावला. त्यास फिनाइलकीटोन्युरिया म्हणतात. अन्नातील प्रथिनांत फिनाइलअॅलनिन नावाचे एक द्रव्य असते. त्याचे पचन करणारा विकर या बालकांत निकामी असतो. ते द्रव्य रक्तात साचते आणि वाढत्या मेंदूची हानी करते. आईबाप दोघेही निरोगी दिसतात. दोघांकडून सदोष जनुक आले तरच मुलाला विकार होतो, आणि प्रत्येक अपत्याच्या बाबतीत ही शक्यता चारांत एक असते. बीजवाद्याला याहून भक्कम उदाहरण कोणते मिळावे? परंतु १९५३ साली बिकेल व त्याच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये अशा एका बालिकेला ते द्रव्य कमी असलेला आहार देऊन पाहिला आणि तिच्यात सुधारणा दिसली. पुढे १९६० नंतरच्या दशकात गथ्री याने नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून विकार ओळखण्याची रीत रूढ केली. जन्मानंतर काही आठवड्यांच्या आत तो विशिष्ट आहार सुरू झाला व पुढे नेटाने चालू राहिला, तर ते मूल इतर मुलांसारखे शिकते, वाढते. बीज तेच राहिले. ताट बदलले आणि आयुष्य बदलले.

दुसरे उदाहरण क्षेत्राचे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, सप्टेंबर १९४४ मध्ये, हॉलंडमधील रेल्वे कामगारांनी दोस्त सैन्याच्या साह्यार्थ संप केला. जर्मन सत्तेने त्याचा सूड म्हणून पश्चिम हॉलंडची अन्नवाहतूक रोखली. त्यातच हिवाळ्याने कालवे गोठले. अॅमस्टरडॅममध्ये प्रौढ माणसाचा दैनिक शिधा नोव्हेंबरअखेर १००० कॅलरींच्या खाली गेला आणि डिसेंबर ते एप्रिल या काळात तो ४०० ते ८०० कॅलरींच्या दरम्यान राहिला. सुमारे २० हजार माणसे मेली. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि अन्न पुन्हा मिळू लागले. उपासमारीचा आरंभ आणि शेवट असा स्पष्ट असल्यामुळे, त्या महिन्यांत जी बालके गर्भात होती त्यांचा पुढे अनेक दशके अभ्यास करता आला. गर्भाच्या अखेरच्या महिन्यांत ज्यांना उपास घडला, ती बालके जन्मतः लहान होती. प्रारंभीच्या महिन्यांत ज्यांना तो घडला, त्यांचे जन्मवजन सर्वसाधारण होते. वरून पाहता काही बिघडलेले दिसत नव्हते. परंतु प्रौढपणी त्यांच्यात स्थूलता व हृदयविकार यांचे प्रमाण अधिक आढळले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, गर्भधारणेच्या सुमारास ज्यांच्या मातेची उपासमार झाली, त्यांच्या एका वाढीच्या जनुकावरील रासायनिक खुणा साठ वर्षांनंतरही त्यांच्याच सख्ख्या भावंडांहून कमी होत्या. जनुकाची अक्षरे बदललेली नव्हती. ती अक्षरे कोठे मोठ्याने वाचावी आणि कोठे हळू, हे सांगणाऱ्या खुणा बदललेल्या होत्या. अशा खुणा आयुष्यभर बदलत राहतात. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्या भावंडांत लहानपणी त्या जवळजवळ सारख्या असतात आणि वय वाढेल तशा भिन्न होत जातात, असे स्पेनमधील संशोधकांनी २००५ साली दाखविले.

तिसरे उदाहरण याच भूमीतले, म्हणून त्याचा विचार अधिक बारकाईने करावा लागतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास आरंभिला आणि त्या मातांच्या मुलांचा पाठपुरावा पुढे चालू ठेविला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २·७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांचे ३·५ किलो होते. परंतु पुण्याकडील बालकांच्या अंगावर मांस कमी होते आणि चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बाहेरून कृश, आतून मेदयुक्त, असा हा पिंड. गर्भात टंचाई सोसलेला असा देह पुढे सुकाळात, बैठ्या कामात आणि गोडाधोडात वाढला, म्हणजे मधुमेहाला वाट सापडते.

या अभ्यासातून आणखी तीन गोष्टी निष्पन्न झाल्या. ज्या गर्भिणींच्या आहारात दूध, पालेभाज्या व फळे अधिक वेळा होती, त्यांची बालके मोठी जन्मली. ज्यांना गरोदरपणात शेतातले व घरातले कष्टाचे काम अधिक होते, त्यांची बालके लहान जन्मली. आणि सुमारे दोनतृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारी लक्षणे सर्वांत अधिक दिसली. फोलिक आम्लाची गोळी सोडावी असा याचा अर्थ मुळीच नव्हे. गर्भाच्या मेंदूच्या व पाठीच्या कण्याच्या घडणीस ती आवश्यक आहे. दोन्ही पोषकद्रव्यांचा मेळ असावा, एवढेच यातून दिसते.

दार्ष्टांतिक

पहिल्या दृष्टांतावरून बीज हे प्रारब्धाचा अंतिम लेख नव्हे, असे ठरते. दुसऱ्यावरून क्षेत्राचा ठसा जन्मापूर्वीच उमटतो आणि वार्धक्यापर्यंत टिकतो, असे ठरते. तिसऱ्यावरून ते क्षेत्र म्हणजे केवळ हवा, पाणी, जमीन नसून घरातील स्वयंपाक, घरातील कामाची वाटणी आणि घरात कोण आधी व कोण शेवटी जेवते ही पंगतीची रीत होय, असे ठरते. हॉलंडमधील दुष्काळ शत्रूने लादला होता. तेथेही गर्भिणीला व अंगावर पाजणाऱ्या मातेला अधिक शिधा देण्याचा नियम होता. दुष्काळाच्या कळसाला तो पाळणे अशक्य झाले, ही गोष्ट निराळी. ज्या घरात कणगी भरलेली आहे आणि तरीही गर्भार सून सर्वांच्या मागून उरलेसुरले खाते, तेथे शत्रू कोण?

येथे ‘ज्याचे त्याचे कर्म’ या वाक्याची खरी परीक्षा होते. बालकाला अशक्त देह मिळाला हा त्या जीवाचा भोग असेल. परंतु त्या देहाला पोषक रस न मिळणे ही जीवाच्या भोगाची बाजू झाली. तो न देणे ही दुसऱ्या कोणाची तरी क्रिया आहे. त्या क्रियेचा कर्ता ते बालक नव्हे. कर्ता सासरा असेल, सासू असेल, पती असेल, किंवा ही रीत पाहूनही मौन धरणारा उपदेशक असेल. क्रिया ज्याची, तिचे फळही त्याचेच. बालकाच्या पूर्वकर्माकडे बोट दाखवून स्वतःची आजची क्रिया झाकता येत नाही.

शिवाय, अमुक दुःख अमुक जीवाच्या अमुक कर्माचे फळ होय, हे जाणण्याचे सामर्थ्य कोणाला आहे? ‘सर्वज्ञ’ हे नाम पंथाने श्रीचक्रधर स्वामींना दिले आहे. जीव स्वभावतः अविद्येने वेढलेला. त्याला स्वतःच्या गतजन्माचे ज्ञान नाही, मग परक्याच्या कर्माचा हिशेब तो कोठून मांडणार? दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहून त्याच्या कर्माचा निवाडा सांगणारा मनुष्य नकळत सर्वज्ञतेचा अधिकार स्वतःकडे घेतो. कर्मसिद्धांत हा साधकाने स्वतःच्या दुःखाकडे पाहताना वापरावयाचा आरसा आहे. स्वतःवर संकट आले असता तो धैर्य देतो आणि दुसऱ्यावर दोष ठेवण्यापासून निवृत्त करतो. तोच दुसऱ्याच्या तोंडासमोर धरला, की त्यापासून निष्ठुरता जन्मते.

आक्षेप व समाधान

यावर पहिला आक्षेप असा की, उपायाने भोग टळत असेल तर कर्म व्यर्थ ठरते. समाधान असे : भुकेल्यास अन्न दिले असता त्याची भूक शमते; त्यामुळे कर्मसिद्धांत मोडला असे कोणी म्हणत नाही. कर्माचे फळ प्रपंचातील कारणांच्या द्वाराच पदरात पडते. रोग जसा एक कारण आहे, तसे औषधही, आणि औषध आणून देणारा हातही. फिनाइलकीटोन्युरियाचे बालक १९३० साली जन्मले असते तर मंदबुद्धी राहिले असते, आज वेळीच ओळखले गेले तर शहाणे होते. त्या बालकाला उपाय सापडलेल्या काळात देह मिळाला, हेही त्याच्या प्राप्तीतच का धरू नये? उपाय ठाऊक असून तो न करणाऱ्याला मात्र कर्माचा आडोसा मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मातेच्या आहाराने मूल घडते असे म्हटले की, रोगी मुलाचा दोष मातेच्या माथी मारणे सोपे होते. पूर्वी तिच्या पदरी पापाचा ठपका येत असे, आता अज्ञानाचा येईल. हा आक्षेप योग्य असून त्याचा परिहार केलाच पाहिजे. वर दिलेल्या कोणत्याही उदाहरणात मातेने उपासमार निवडलेली नाही. सदोष जनुक दोघांकडून आले. हॉलंडचा शिधा सैन्याने तोडला. खेड्यातील गर्भिणीचे ताट आणि तिचे काम घराने ठरविले. तेव्हा या ज्ञानाचा रोख तिच्यावर ठेवणे म्हणजे उपाशी माणसाला उपाशी राहिल्याबद्दल दंड करणे होय. श्रीचक्रधर स्वामींनी स्त्रीच्या मासिक धर्माचा विटाळ मानण्याचे नाकारिले. ज्या परंपरेत स्त्रीदेहाच्या स्वाभाविक धर्माला कलंक मानणे वर्ज्य ठरले, त्या परंपरेत अपत्याच्या व्यंगाचा कलंक तिच्या माथी येऊ देणे सर्वथा विसंगत आहे.

तिसरा आक्षेप स्वभावाविषयी घेतला जातो. देहाबरोबर स्वभावाची ओढही बीज व क्षेत्र यांनी घडत असेल, तर साधकावर विधिनिषेधाचे उत्तरदायित्व कसे ठेवावे? समाधान असे की, ओढ आणि क्रिया यांत अंतर आहे. पिंडाने क्रोधाची ओढ दिली तरी हात उगारणे ही क्रिया होय, आणि तेथे जीवाला विवेकाचा अवकाश राहतो. मनुष्यदेहाला कर्मभूमी म्हणतात ते याच अवकाशामुळे. परंतु हा अवकाश सर्वांना सारखाच रुंद मिळालेला नसतो. म्हणून गुरूने शिष्याचा अधिकार पाहूनच साधन सांगावयाचे असते. एकाला सहज साधणारा नियम दुसऱ्याला डोंगरासारखा वाटतो. त्याचे कारण दरवेळी आळस वा अश्रद्धा हेच असते असे नाही. हे जाणणारा गुरू शिथिल होत नाही. तो फक्त शिष्याला मोजण्यापूर्वी त्याच्या अंगावरचे ओझे पाहतो.

आचारपक्ष

ज्ञान आचारात न उतरले तर ते ओझेच. या विषयाचा आचार भिक्षेपासून सुरू होतो. साधूने अनेक घरी थोडथोडे अन्न मागावे, एका घरावर भार घालू नये, ही भिक्षेची रीत आहे. भिक्षेकरी दारी उभा राहतो तेव्हा पुष्कळदा घरची सूनच उठून झोळीत अन्न घालते. ती गर्भार असेल आणि घरात सर्वांत शेवटी जेवणारी असेल, तर झोळीत पडलेली ती भाकरी कोणाच्या वाटणीची, हा प्रश्न भिक्षा घेणाऱ्याने स्वतःस विचारला पाहिजे. अहिंसा हे पंथाच्या आचाराचे मर्म आहे. पाऊल टाकताना कीटकाला जपणाऱ्याने आपल्या घासामुळे गर्भातील जीवाचा रस तुटत नाही ना, हे पाहणे त्याच अहिंसेत येते.

अहिंसेमुळेच आणखी एक कर्तव्य ओढवते. मांसाहार वर्ज्य असलेल्या घरात ब-१२ जीवनसत्त्व केवळ दूध, दही, ताक यांतूनच मिळते. धान्य, कडधान्य व भाजीपाला यांत ते नसते. खेड्यातले दूध डेअरीत जाते किंवा घरच्या पुरुषांच्या पेल्यात जाते, आणि गर्भिणीच्या वाट्याला कोरा चहा येतो. अशा घराने शाकाहार पाळला खरा, पण त्याची किंमत एकट्या सुनेकडून आणि तिच्या गर्भाकडून वसूल केली. जीवहत्या टाळण्याचे पुण्य सर्व घराचे, तर त्यासाठी घ्यावयाची काळजीही सर्व घराची. दूध कमी पडत असेल तर वैद्याच्या सल्ल्याने या जीवनसत्त्वाची गोळी घेण्यास धर्माची आडकाठी नाही. ते सूक्ष्म जंतूंच्या साह्याने किण्वनाने तयार करतात, त्यासाठी पशूची हत्या करावी लागत नाही.

तेव्हा निरूपणाच्या प्रसंगी महंतांनी व तपस्विनींनी श्रोत्यांना स्पष्ट सांगावे की, घरात गर्भिणी असेल तर पहिले ताट तिचे. तिच्या डोक्यावरचा हंडा व पाठीवरचा भारा दुसऱ्याने उचलावा. मुलीला लहानपणापासून मुलाइतकेच दूध मिळावे, कारण उद्याच्या गर्भाचे क्षेत्र आजच तयार होत असते. डोहाळे हा शब्द दोन हृदयांच्या कल्पनेतून आला आहे; गर्भिणीच्या ठायी दोन हृदये आहेत, म्हणून तिची इच्छा अव्हेरू नये, असे जुने वैद्यक सांगते. एका दिवसाचे डोहाळजेवण थाटाने करून उरलेले महिने तिला मागे बसविणे, हे त्या शब्दाला साजेसे नाही.

हे सर्व मराठीत, सोप्या शब्दांत आणि वारंवार सांगितले पाहिजे. नागदेवाचार्यांनी पंथाचे ज्ञान संस्कृतात बांधण्यास विरोध केला, कारण तसे झाल्यास वृद्ध स्त्रिया त्यास मुकतील, ही चिंता त्यांना होती. स्मृतिस्थळात ही आठवण नोंदली आहे. मोक्षाचे ज्ञान म्हाताऱ्यांच्या भाषेत राहावे म्हणून ज्यांनी एवढा आग्रह धरला, त्यांच्या अनुयायांनी देहधारणेचे हे ज्ञान वैद्यांच्या परिभाषेत अडकून पडू देऊ नये. सासूच्या कानी ते पोहोचले पाहिजे, कारण ताट वाढणारा हात बहुधा तिचाच असतो.

देह अनित्य आहे हे खरे. म्हणूनच त्याची मुदत थोडी आणि मोलाची आहे. जीव मनुष्यदेहात येतो तेव्हा परमेश्वराच्या ज्ञानाची संधी घेऊन येतो. ती संधी त्याने साधावी की दवडावी, हे पुढे त्याचे त्याने ठरवावयाचे आहे. परंतु त्याला ते ठरविता येईल असा देह मिळावा, याची काळजी तो जन्मण्यापूर्वी इतरांनीच घ्यावयाची असते. त्या नऊ महिन्यांत त्याच्या कर्माची चर्चा करणारे पुष्कळ भेटतात. त्याच्या मातेला आधी जेवू घालणारा जो कोणी असेल, त्यानेच कर्मसिद्धांत बरोबर समजून घेतला, असे म्हणावे लागेल.